रुमालाखालचं बोलणं

कोंडिबाची मुलगी मुकी आहे असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. साफ खोटं. निदान मागच्या दिवाळीपर्यंत तरी खोटं होतं. ती बोलायची. जगात एकाच माणसाशी बोलायची आणि तेही रुमालाखाली, पण बोलायची. त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

कोपरखैरण्यात माथाडींसाठी बांधलेली ही बैठी घरं. आता बैठं काही उरलं नाही. जो तो डोक्यावर मजले चढवतो आणि खालच्याला भरदिवसा दिवा लावून बसायला लावतो. माझे वडील माथाडी होते, घर त्यांचं. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, मुलगा पुण्यात त्याच्या संसाराला लागला. तेव्हा दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायला सरोजिनीबाईंकडे वेळच वेळ आहे असं लोक माझ्यामागे बोलतात, ते काही चूक नाही.

कोंडिबा जावळीकडचा. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा चुलत्याबरोबर मुंबईत आला, आणि फळबाजार वाशीला हलला तसा बाजारामागोमाग खाडीच्या अलीकडे आला. उभा जन्म पाठीवर पेट्या वाहिल्या. मानेवरची कातडी अशी निबर झालीय की डास चावला तर डासालाच टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागेल. हा विनोद त्याचाच, माझा नाही. बायको शकुबाई अगदी उलट, चार शब्दांचं काम दोन शब्दांत उरकणारी. नवससायास करून करून त्यांना ही मुलगी झाली आणि शकुबाईने नाव ठेवलं राजलक्ष्मी. मी म्हटलं, अगं, केवढं लांबलचक नाव! तर कोंडिबा म्हणाला, "असू द्या की ताई, नावाला काय जकात लागतीया व्हय?"

पण राजी, म्हणजे राजलक्ष्मी, चालायला लागली तरी हाक मारल्यावर वळून बघेना. नजरेला नजर देईना. डॉक्टर झाले, देव झाले, पुन्हा डॉक्टर झाले. स्वमग्नता आहे, शिवाय बुद्धीची वाढ कमी आहे, आणि बोलणं बहुधा येणारच नाही, असं शेवटी एका डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं. मला त्या बाईंचा राग आला होता. आता वाटतं, एवढं स्वच्छ पुढे कुणीच बोललं नाही.

त्या वर्षांत राजी भिंतीवर डोकं आपटायची. पलीकडे माझ्या भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा हलायचा. तिला पाणी हवंय, की पोट दुखतंय, की पंख्याचा आवाज नकोसा झालाय, कुणाला कळत नसे. शकुबाई एकेक वस्तू तिच्यापुढे धरायची आणि ती एकेक वस्तू भिरकावून द्यायची. तिच्या तोंडाकडे बघून काही विचारलं तर आणखीच बिथरायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या पोरीच्या रूपात रोज ऐकत होते.

आणि मग ते झालं. ती नऊ-दहा वर्षांची असेल. आंब्याचा हंगाम होता, कोंडिबा कामावरून येऊन ओट्यावर बसला होता, आणि मी त्याला विचारत होते की बाजारात रुमालाखाली भाव ठरवतात तो नेमका कसा. फळबाजारात हे चालतं. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरून, दाबून, सोडून भाव ठरवतात. तोंडातून शब्द नाही. बाजूला उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून रुमाल. हमालाचा त्यात काही संबंध नसतो, पण जन्मभर शेजारी उभं राहून कोंडिबाला सगळं पाठ. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, शकुबाईच्या हातावर टाकला आणि बोटं धरून दाखवायला लागला. शकुबाई लाजून हसत होती. एवढ्यात आमच्याकडे पाठ करून बसलेली राजी उठली, तिरकी तिरकी चालत आली, आईचा हात बाजूला सारून तिने आपला हात रुमालाखाली घातला. तोंड दुसरीकडे. आणि बापाचा अंगठा दाबला.

कोंडिबा काही न सुचून पाण्याचा तांब्या तिच्यापुढे करून बसला. ती घटाघटा प्यायली. तिला पाणीच हवं होतं की जे पुढे आलं ते ती प्यायली, देव जाणे. पण त्या दिवसापासून अंगठा म्हणजे पाणी ठरलं.

पुढे करंगळी म्हणजे मोरी. मधली दोन बोटं म्हणजे जेवण. तळव्याला चिमटा म्हणजे दुखतंय, आणि चिमटा कितीदा, त्यावरून कुठे. हे कोंडिबाने शिकवलं. काही खुणा तिच्या स्वतःच्या होत्या. तळव्यावर नखाने गिरगटलं की ती खूश आहे. मनगटावर अंगठा फिरवला की आई. मोठी माणसं एवढं सगळं तोंडाने बोलून एकमेकांना कळत नाहीत, आणि ही दोघं संध्याकाळी ओट्यावर रुमाल पसरून तासन्‌तास बसायची. भिंतीवरचं डोकं आपटणं थांबलं. बाजारात सोबती चिडवायचे, "काय कोंड्या, आज पोरीनं काय भाव फोडला?" हा ऐटीत सांगायचा, "बाप-लेकीचा सौदा हाय. तुला कशाला सांगू?"

पण सौदा दोघांचाच, हीच त्यात मेख होती. रुमाल असतो तो तिसऱ्याला कळू नये म्हणून, आणि राजी ती गोष्ट रुमालासकटच शिकली. मी एकदा माझा हात घालून पाहिला. तिने माझी बोटं चाचपली आणि नासका आंबा पेटीतून काढावा तसा माझा हात बाहेर काढून टाकला. शकुबाईशीसुद्धा नाही. शकुबाई म्हणायची, "माझं पोट, आनी बोलनं त्यांच्याशी." म्हणायची हसून, पण तिला ते लागायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शकुबाई गेली. हॉस्पिटलात नेली ती परत आलीच नाही. राजी कितीतरी दिवस रुमालाखाली बापाच्या मनगटावर अंगठा फिरवत राहिली. त्याचं उत्तर द्यायला कोंडिबाकडे कुठलं बोट होतं? तो तिचा अंगठा तेवढा धरून ठेवायचा.

त्यानंतर सकाळी तिला तयार करून शाळेच्या गाडीत बसवणं माझ्याकडे आलं. शाळा अशा मुलांचीच. नाव सांगत नाही, कारण शाळा वाईट नव्हती. मोठ्या मुलांच्या वर्गाला प्रियदर्शिनी मॅडम होत्या, तिशीच्या आतल्या, मनापासून शिकवणाऱ्या. राजी तिथे वाती वळायला शिकली, कागदी पिशव्या करायला शिकली. तिच्या पिशवीची घडी अशी यायची की कडेला कड, सुतासारखी. कोंडिबाने तिची एक पिशवी देवाजवळ ठेवली होती, शकुबाईच्या फोटोखाली.

बोलण्यासाठी शाळेत चित्रांची कार्डं होती. ग्लास, संडास, ताट, रडका चेहरा. हवं ते कार्ड काढून समोरच्याच्या हातात द्यायचं. बाकीची मुलं द्यायची. राजी कार्डांना हात लावायची तो फक्त ती एका ओळीत लावून ठेवायला. दिवसभर तिथे ती ना पाणी मागायची, ना मोरीला जायचं सांगायची. सगळं दाबून ठेवायची आणि संध्याकाळी बाप आला की रुमालाखाली एकदम ओतायची. मॅडमनी दोन वर्षं धीर धरला. त्यांनी स्वतः रुमाल आणून तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. माझं झालं तेच त्यांचं झालं.

आता खरी गोष्ट. अशा शाळा अठरा वर्षांपर्यंत सांभाळतात, आणि राजीला अठरावं लागलं होतं. पुढे काय? पुढे काही नाही. नॉर्मल पोरांना कॉलेज आहे, कोपऱ्यावरचा नाका आहे, काही नाही तर मोबाईल तरी आहे. ह्यांना घराचा दरवाजा आणि बाहेरून कुलूप. राजीच्या शाळेला मोठ्या मुलांसाठी जोडून एक कार्यशाळा होती. तिथे पिशव्या, पणत्या करायच्या, दुपारचं जेवण, संध्याकाळी घरी. आसपास तशी दुसरी नव्हती. जागा थोड्या, बघणाऱ्या बायका दोन. राजीचे हात पाहता तिला घ्यायला कुणाची ना नव्हती. अट एवढीच की पाणी, मोरी आणि दुखणं या तीन गोष्टी तिला कुणालाही सांगता आल्या पाहिजेत. बापाला नव्हे, कुणालाही. ती जागा मिळाली तर कोंडिबा कामावर जाऊ शकणार होता, आणि त्याच्या मागे पोरीला उघड्या दाराचं एक ठिकाण राहणार होतं. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेवढंच होतं.

दिवाळीच्या आधी नेरुळच्या एका सोसायटीत शाळेने मुलांच्या वस्तूंचा स्टॉल लावला. मीही गेले होते. गर्दी झाली, स्पीकर लागला. जेवणवाल्यांचा एक वयस्कर माणूस ट्रे घेऊन चालला होता आणि त्याच्या खांद्यावर कोंडिबासारखाच रुमाल होता. राजी उठली, त्याचा रुमाल ओढला, त्याचा हात धरून रुमालाखाली घेतला आणि करंगळी दाबायला लागली. तो बिचारा भांबावून उभा. जाता येत नाही, हात सोडवता येत नाही. मी पलीकडच्या टोकाला होते. मी गर्दीतून तिथवर पोहोचेपर्यंत कुणीतरी ओरडलं, "ओ, काय चाललंय हे? मुलगी मतिमंद आहे, तिचा फायदा घेता?" आणि एका शहाण्याने त्या माणसाच्या कानाखाली वाजवली. दोन पोरांनी मोबाईल वर काढले. राजी करंगळी दाबतच होती. शेवटी तिथेच, सगळ्यांसमोर, तिचे कपडे ओले झाले.

मार खाल्लेल्या त्या माणसाला मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "बाई, माझी काय चूक होती?"

दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावणं आलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की असं असेल तर कार्यशाळेत घेणं अवघड आहे. तरुण मुलगी, उद्या एखादा खरंच फायदा घेणारा भेटला तर? त्यात खोटं काहीच नव्हतं. मग प्रियदर्शिनी मॅडम कोंडिबाला म्हणाल्या, "काका, प्रॉब्लेम असा आहे, तुमचा हात आहे तोवर ती कार्ड घेणारच नाही. तिला गरजच नाही ना. जागा एप्रिलमध्ये ठरतील, तोवर वेळ आहे. तुम्ही हात बंद करा. मागेल, चिडेल, पण नाइलाज झाला की कार्डाकडे वळेल. बऱ्याच मुलांचं होतं असं."

कोंडिबाने विचारलं, "आन् न्हाय वळली तर?"

"वळेल, काका. उद्या तुम्ही नसाल तेव्हा काय, हा विचार करा."

या एका वाक्यापुढे कुठल्या बापाचं काही चालतं? मला ते पटलं नव्हतं असं आता म्हणणं सोपं आहे. दुसरं काही मलाही सुचत नव्हतं, मॅडमनाही नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या संध्याकाळी राजी नेहमीसारखी आली, बापाच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, पसरला, खाली हात घातला. कोंडिबाने मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने ग्लासाचं कार्ड तिच्यापुढे धरलं. तिने एकेक बोट उघडायचा प्रयत्न केला. जन्मभर पेट्या उचललेली ती बोटं, तिला कसली उघडतायत? तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला. त्याने मूठ सोडली नाही. रक्त आलं तेव्हा मी हळद घेऊन गेले, तर मला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई, तिचं बरुबर हाय."

दुसऱ्या दिवशी त्याने घरातले रुमाल लपवले. मग ती उशीचा अभ्रा घेऊन आली. तो लपवला तर टॉवेल. एकदा माझ्या दोरीवरचा परकर ओढून घेऊन गेली. कोंडिबा नाही म्हणायचा नाही, नुसता मूठ मिटून बसायचा आणि कार्डं पुढे करायचा. ती कार्डं उडवून लावायची, तो वाकून गोळा करायचा, पुन्हा पुढे करायचा. त्याचे विनोद बंद झाले. एक दिवस माझ्या दारात येऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ती माज्या मुठीवर ठोकतीया वो. दार वाजवल्यागत."

मी म्हटलं, "कोंडिबा, उघड मूठ. जाऊ दे ती जागा."

"आन् मी मेल्यावर?" एवढंच म्हणून तो परत गेला. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं तेही कळेना.

पुढे थंडीत कधीतरी एका संध्याकाळी ती आलीच नाही. रुमालही शोधला नाही. भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. कोंडिबाने शाळेत फोन केला. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, छान, आता वळेल. आम्ही तिघंही वाट बघत बसलो. राजीने कार्डं हातात घेतली, कडेला कड जुळवून ओळीत मांडली, आणि एकही कुणाला दिलं नाही. ओरडली नाही, डोकं आपटलं नाही, चावली नाही. समोर ठेवलं तर जेवायची, मोरीत नेलं तर जायची. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी शांत झाली हो, सुधारली. मला त्यांना झाडूने झोडपावंसं वाटलं.

मार्चमध्ये एकदा सकाळी तिची वेणी घालताना मला उशीवर डाग दिसला. कानातून पू वाहत होता. डॉक्टर म्हणाले, हे बरेच दिवस ठणकत असणार, हिने सांगितलं कसं नाही? कोंडिबाने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो हात पाठीमागे नेला.

एप्रिलमध्ये जागा नाकारली. मुख्याध्यापिका सौम्य शब्दांत बोलल्या. पूर्वी ती बापाशी तरी बोलायची, आता कुणाशीच बोलत नाही, अशा मुलीची जबाबदारी दोन बायका कशी घेणार? खरंच होतं तेही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण इथे हसायला कुणी उरलं नव्हतं. प्रियदर्शिनी मॅडम आमच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "काका, मी चुकले," त्या म्हणाल्या. "आजपासून हात द्या तिला. प्लीज." कोंडिबा त्यांना म्हणाला, "तुमी चांगल्यासाठीच केलं मॅडम." एवढ्यातही त्याला हे सुचलं. मला सुचलं नसतं.

घरी येऊन त्याने हातपाय धुतले, माळ्यावरचं गाठोडं सोडून रुमाल काढला. मी आमटी द्यायला गेले होते, दारातच थांबले. राजी भिंतीकडे तोंड करून बसलेली. तो तिच्या शेजारी बसला, तिचा हात हळूच आपल्या मांडीवर घेतला, वर रुमाल पसरला आणि खाली आपला हात उघडा ठेवला. मग रुमाल हलला. कोंडिबाने माझ्याकडे वर बघितलं. ते तोंड मी जन्मात विसरणार नाही, लहान मुलासारखं उजळलं होतं.

राजी त्याची बोटं चाचपत होती. तिने करंगळी धरली आणि दुमडली. मग मधली दोन्ही दुमडली, मग अंगठ्याशेजारचं बोट. शेवटी अंगठा वरून नीट बसवला, आणि त्याची मिटलेली मूठ रुमालाखालून बाहेर काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवून दिली. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.